अकरा नंबरचा पाय

संपादकांनी या अंकासाठी महाडवर लेख मागितला होता. लिहायला बसलोही होतो. पण त्याच आठवड्यात बहिणीचा नातू संध्याकाळी घरी आला आणि दप्तर टाकून गप्प बसला. तीन दिवस वर्गाबाहेर उभा होता. गुन्हा काय, तर पायात चप्पल. वय पंधरा, यत्ता नववी, अंगानं अजून काटकी, आणि पाय मात्र बापयाचा. शाळेचं नाव लिहीत नाही. एकीचं लिहावं तर दुसरी सुटते.

बूट नव्हते असं नाही. दिवाळीच्या आधी घेतलेले होते. माघात उजव्याचा तळ सुटला, फाल्गुनात डाव्याचा अंगठ्याजवळ चीर पडली, आणि जूनमध्ये घालायला काढले तर पायच आत जाईना. मग आम्ही दोघं बाजार हिंडलो. कुर्ला, घाटकोपर, दादर. दुकानदार पोराचा पाय बघतो, मान हलवतो. 'शाळेच्या बुटात दहाच्या पुढं येत नाही.' एक जण म्हणाला, 'साहेबलोकांचा हापिसचा बूट न्या की, काळाच आहे.' किंमत सांगितली तेव्हा पोरानंच माझी बाही ओढली. 'चला आबा.' पंधरा वर्षांच्या पोरानं आपल्या पायाची लाज वाटून घ्यावी, पाय टेबलाखाली ओढून बसावं, हे मी पाहिलं आणि महाडचा लेख बाजूला ठेवला. मग लक्षात आलं, बाजूला ठेवलेलाच नाही. तोच लेख आहे, पायाकडून सुरू केलेला.

मित्रांनो, गळ्यातलं मडकं आणि कमरेचा झाडू आपल्याला पाठ आहे. भाषणात टाळ्या घेतो आपण त्यावर. पायाबद्दल आपण कमी बोलतो. माझी आज्जी सांगायची, पाटलाच्या वाड्यावरून जायचं तर पायताण काढून काखेत धरायचं. हातात धरलं तर 'दाखवतोस काय' म्हणून शिवी, डोक्यावर ठेवलं तर पोरं हसायची. म्हणून काखेत. ती हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. चुलीला फुंकर घालता घालता, पाऊसपाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगायची. त्याचाच मला जास्त राग यायचा. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण मराठीच्या मास्तरांनी आम्हाला फळ्यावर लिहून दिली होती आणि अर्थ लिहून आणायला सांगितला होता. वर्गात अर्थ कुणाकडं बघून सांगितला ते सांगायला नको.

आता एक गंमत बघा. जोड्याचा अपमान वरच्यांनाही चुकला नव्हता. साहेबाच्या दरबारात, कचेरीत हिंदी माणसानं जोडे काढून जायचं असा दंडक होता. १८५४ साली डलहौसीच्या सरकारनं त्यात फट पाडली : विलायती पद्धतीचे बूट-मोजे असतील तर पायात ठेवा, देशी जोडा असेल तर बाहेर काढा. १८६२ साली सुरतेत एका पारशी गृहस्थानं कोर्टात जोडे काढायला नकार दिला तेव्हा केवढा गदारोळ झाला. वर्तमानपत्रं, अर्ज, विनंत्या. म्हणजे साहेबानं जोडे काढायला लावले की तो राष्ट्राचा अपमान. त्याच गृहस्थांच्या, त्याच शेटजी-भटजींच्या दारात आमचा पणजा अनवाणी उभा होता, त्याचा अर्ज कुणी लिहिला नाही. आणि ती फट काय शिकवून गेली? विलायती बूट म्हणजे सभ्यता, देशी वहाण म्हणजे रानटीपणा. आज शाळेच्या फाटकावर आमच्या पोराची चप्पल बघून जो शिपाई हात आडवा घालतो, त्याला डलहौसी माहीत नाही. पण माझ्या मते हुकूम तोच आहे.

आपल्या इतिहासातला एक जोडा मात्र मला झोपू देत नाही. १९०१ साल. भीमराव नऊ-दहा वर्षांचे. आई गेलेली. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तळ्याच्या कामावर खजिनदार. सुट्टीत मुलांना साताऱ्याहून तिकडं बोलावलं. प्रवासासाठी नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं आणि नवे जोडे आणले. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये. मसूर स्टेशनवर मुलं उतरली. स्टेशनमास्तरनं नीटनेटकी पोरं बघितली, बामणाची समजला, मायेनं विचारपूस केली. पोरानं सरळ सांगितलं, आम्ही महार. मास्तर पाच पावलं मागं. पुढं गाडीवान मिळेना. दुप्पट भाड्यावर एक तयार झाला तो या अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची आणि तो पायी चालणार. रात्रभर पाणी मिळालं नाही.

आपण ही गोष्ट पाण्यासाठी सांगतो. मी जोड्यासाठी सांगतोय. नवे जोडे पायात असेपर्यंत तो पोरगा स्टेशनमास्तरच्या लेखी माणूस होता. जोड्यानं पाच मिनिटं मिळवून दिली. पाचच. ज्यांना वाटतं की चांगले कपडे घातले, चांगला बूट घातला की जात गळून पडते, त्यांनी मसूर स्टेशन विसरू नये. आणि जे म्हणतात बुटात काय ठेवलंय, त्यांनी गावोगावचे बाबासाहेबांचे पुतळे बघावेत. निळा कोट, हातात संविधान आणि पायात बूट. ज्या रस्त्यावर आज्जीनं पायताण काखेत धरलं त्या रस्त्यावर.

आता त्या जोड्याचं चामडं कुठून आलं ते बघू. गावातलं जनावर मेलं की ओढून न्यायचं महारानं. सोलायचं बहुतेक त्यानंच. कातडं कमवायचं ढोरानं : चुन्याच्या हौदात टाकून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवायचं. काही ठिकाणी कातड्याचीच पिशवी शिवून त्यात ते पाणी भरून टांगत. शिवायचं चांभारानं. दोर वळायचा मांगानं. आणि घालायचं पाटलानं. एका जोड्यात चार जाती राबल्या आणि चौघांची पोरं अनवाणी. शिवाय चौघांत उतरंड. चांभार ढोराला खालचा मानणार, ढोर महाराला, महार मांगाला. मनूनं जोडा शिवायला शिकवला नाही, पण कोण कुणाच्या पायाखाली हे मात्र बरोबर शिकवलं.

म्हणून मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत चवदार तळ्याकडं जाण्याच्या बरोबरीनं मेलेली जनावरं ओढणं सोडा, मृतमांस सोडा, असं बाबासाहेबांनी बजावलं, ते गावाला जास्त झोंबलं. पाणी पिणं हा एका दिवसाचा प्रसंग. ढोरं ओढणं बंद म्हणजे गावगाड्याचं चाकच निखळणार. गावोगाव बहिष्कार पडले, बलुतं बंद झालं. नव्वद वर्षांनीही ही गोष्ट शिळी झाली नाही. ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उना तालुक्यात मेलेली गाय सोलणाऱ्या पोरांना गाडीला बांधून मारलं. त्यानंतर तिथल्या लोकांनी मेलेली जनावरं कचेऱ्यांसमोर नेऊन टाकली. तुमची आहेत, तुम्हीच उचला. त्यांना महाड कुणी सांगितलं होतं की नव्हतं, याला महत्त्व नाही.

इथं एक कडू गोष्ट बोलतो, संपादकांनी कापू नये. आपल्या चळवळीत 'चांभार आपल्याबरोबर आले नाहीत' असं म्हणायची सवय आहे. सीताराम शिवतरकर कोण होते? बहिष्कृत हितकारिणी सभेचे सेक्रेटरी, १९२४ पासून. जातीनं चांभार. आग्र्याचे जाटव कोण? जोडे शिवणारे. १९५६ च्या १८ मार्चला बाबासाहेब आग्र्यात बोलले तेव्हा समोर तीच माणसं होती. तिथल्या हिंगाच्या मंडीत कारागीर दिवसभर शिवलेला माल घेऊन व्यापाऱ्याकडं जायचा आणि रोख पैशाऐवजी चिठ्ठी घेऊन यायचा. ती पुढं महिन्यांनी वटायची, किंवा आत्ताच हवे तर कापून. म्हणजे जोडा दुसऱ्याचा, पैसा तिसऱ्याचा, आरी तेवढी आपली. आपण भाषणात 'उत्पादनाची साधनं' म्हणतो तेव्हा मला ती आरी दिसते.

माझा स्वतःचा पहिला बूट शाळेचा नव्हता, पलटणीचा होता. महार पलटण पहिल्या महायुद्धात, १९१७ ला, उभी केली आणि १९२१ ला मोडली. बाबासाहेबांच्या खटपटीनंतर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. माझे थोरले चुलते तिच्यात. रजेवर आले की अॅम्युनिशन बूट घालून गावात यायचे. जाड चामडं, तळाला लोखंडी चुका, टाचेला नाल. आमचं गाव त्याच खटाव तालुक्यातलं. पाटलाच्या वाड्यासमोर फरशी होती. तात्या बूट घालून गेले ही तक्रार नव्हती, सरकारी बूट होता, बोलणार कोण? तक्रार अशी होती की 'वाजवत गेला'. मग तात्या रोज संध्याकाळी काही काम नसताना त्या फरशीवरून जायचे. चार वेळा.

ते बूट १९६९ साली माझ्याकडं आले. मी चौदाचा. आमच्या घराण्यातच पाय मोठे, तरी ते मला मोठेच होते. अंगठ्याकडं चिंध्या कोंबून मी ते चार वर्षं घातले. दर पावसाळ्यापूर्वी आई एरंडेल चोळायची. तीन वेळा नाल बदलली, एकदा तळ. अप्पर तसंच्या तसं. माझा बूट मेला नाही, माझा पायच त्याला सोडून पुढं गेला. मग तो धाकट्या भावानं घातला. आज लोक विचारतात टिकाऊ बूट म्हणजे काय, तेव्हा मी तोच बूट डोळ्यासमोर आणतो : ज्याला दुरुस्त करता येतं तो टिकाऊ. बाकीचे फक्त नवे असतात.

आता नातवाच्या पायाकडं. दहाच्या पुढं का येत नाही? नंबर ही चीज मुळात इंग्रजी. तीन जवाचे दाणे म्हणजे एक इंच, आणि एक दाणा म्हणजे एक नंबर. लहान मुलांचा शून्य नंबर चार इंचांवर सुरू होतो, तेरापर्यंत जातो, मग मोठ्यांचा एक. हिशोब केलात तर अकरा नंबरचा फर्मा बरोबर बारा इंच भरतो. फर्मा म्हणजे ज्यावर बूट ओढून बांधतात तो पायाच्या आकाराचा ठोकळा. झ्लिनच्या बाटाची हिंदुस्थानातली कंपनी १९३१ ची. कलकत्त्याजवळ बाटानगर वसलं, यंत्रावर जोडा निघू लागला, गावोगावच्या चांभाराकडून पाय दुकानाकडं गेला. यंत्राचा फायदा मी नाकारत नाही. दुकानात जात विचारत नाहीत, खाली बसून नोकर पायात बूट घालतो. आमच्या बापाच्या पिढीला ते केवढं नवल होतं. पण यंत्राला मधला पाय लागतो. ज्या नंबराचे हजार जोड खपतात तो फर्मा चालू, ज्याचे दहा खपतात तो बंद. शाळेचा बूट म्हणजे लेकराचा बूट, असं कारखान्यानं ठरवलंय. नववीतल्या पोराला मिसरूड फुटतं हे कारखान्याला कुणी कळवलं नाही.

दुसरी गोष्ट मला आमच्या नाक्यावरच्या चांभारकाकांनी शिकवली. आम्ही फाटका बूट घेऊन गेलो. त्यांनी तो हातात घेतला, वाकवला, आत बोटं घातली, आणि पोराला म्हणाले, 'उभा राहा कागदावर. बसून नाय, उभा. अंगाचा भार पडला पायजे.' पेन्सिलीनं पायाभोवती रेघ ओढली. मग पंजाच्या सगळ्यात रुंद भागाला फीत लावली.

'याचा पाय लांब नाय एवढा. रुंद हाय.'

'दुकानात तर अकरा म्हणाले.'

'लांबीनं दहा. पण दहात पंजा मावत नाय म्हणून तुम्ही अकरा शोधताय. अकरा घेतला की पुढं मोकळं ऱ्हातं. मग बूट वाकतो कुठं? पाय वाकतो तिथं नाय, पुढं वाकतो. हितं.' त्यांनी चिरेवर बोट ठेवलं. 'म्हणून हितंच फाटला. पोराचा काय दोष नाय. तुम्ही म्हणत असाल खेळून फाडला.'

म्हणत होतो. त्याच्या आईनं तर दोन धपाटेही घातले होते.

ही गोष्ट काकांनी आरीच्या जोरावर सांगितली, ती सरकारी शास्त्रज्ञांना फार उशिरा सापडली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ मध्ये देशात ७९ ठिकाणी एक लाखावर माणसांचे पाय मोजले. निष्कर्ष काय? हिंदी पाय युरोप-अमेरिकेच्या पायापेक्षा रुंद असतो. आणि पोराचा पाय पंधरा-सोळापर्यंत वाढतो, पोरीचा अकराच्या सुमारास थांबतो. त्यावरून 'भा' नावाची नवी मापपद्धत सुचवली. म्हणजे शंभरावर वर्षं आपण दुसऱ्याच्या फर्म्यात पाय कोंबून, चालता येत नाही म्हणून आपल्याच पायाला शिव्या देत होतो. मी यंदा ज्या ज्या दुकानात गेलो तिथं अजून इंग्रजी नंबरच होता.

सरकारचं म्हणाल तर, २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं ठरवलं की जिल्हा परिषदेच्या आणि तशा सरकारी शाळांत पहिली ते आठवीच्या पोरांना एक जोड बूट आणि दोन जोड मोजे द्यायचे. एका पोरामागं १७० रुपये. १७० रुपयांत बूट आणि दोन मोजे! काकांना आकडा सांगितला तर ते नुसते हसले. तरी मी या योजनेला नावं ठेवणार नाही, अनवाणी येणाऱ्या सहा वर्षांच्या लेकराला रेक्झिनचा बूटही बूटच असतो. पण आठवी झाली की पाय वाढायचा थांबतो असं त्या हुकुमात गृहीत धरलंय. नेमका जेव्हा पाय सगळ्यात महाग होतो, तेव्हा सरकार हात काढून घेतं आणि शाळा फाटकावर हात आडवा घालते. त्या वयात पोरं शाळा सोडतात. कारण विचारलं तर 'अभ्यासात लक्ष नाही' असं लिहितात. 'बूट' असं कुणी लिहीत नाही.

कायद्याचंही सांगून टाकतो, कार्यकर्त्यांना उपयोगी पडेल. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ ला दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. सार्वजनिक जागी पादत्राणं किंवा नवे कपडे घालायला, सायकल-मोटरसायकलवर बसायला दलितांना अडवणं हा गुन्हा, असं त्यात शब्दानं लिहिलंय. पादत्राणं हा शब्द कायद्यात यायला स्वातंत्र्यानंतर अडुसष्ट वर्षं लागली. काखेतलं पायताण दिल्लीला पोचायला तेवढा वेळ लागला म्हणायचा. घालायला अडवलं तर कलम आहे. घेताच येत नाही त्याला कलम नाही.

मग बूट कसा मिळाला ते. काका म्हणाले, 'शिवीन मी, पण माझ्याकडं एवढा फर्मा नाय.' त्यांनीच आम्हाला चेंबूरच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत पाठवलं. तिथं राजस्थानातून आलेले कारागीर घराघरात जोडे शिवतात. पोटमाळ्यावर सोल्यूशनचा वास, खाली बायकापोरं. एका कारखानदाराकडं परदेशच्या मालासाठी केलेले मोठे, रुंद फर्मे पडून होते. तो म्हणाला, 'गाय-बैल का तो दो हजार पंद्रह से बंद है, भैंस का मिलेगा.' म्हशीचं तर म्हशीचं. फर्म्याचा एक जोड आठ दिवसांच्या बोलीवर आणला. काकांनी पंजावर चामड्याचा पातळ तुकडा चिकटवून तो अजून दोन सूत रुंद केला.

ते शिवत असताना मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. जे ऐकलं ते लिहून ठेवतो, पोरं असलेल्यांना कामाला येईल. माप संध्याकाळी घ्यावं, दिवसभरात पाय फुगतो. पुढं अंगठ्याएवढी जागा सोडावी, त्याहून जास्त नाही; 'वाढता' म्हणून दोन नंबर मोठा घेऊ नये, तो वाढीच्या आधी फाटतो. बूट वाकवून पाहावा : चुणी बारीक पडली तर चामडं, पापुद्रा उठल्यासारखी पडली तर वर रंगाचा थर दिलेला. तळ नुसता चिकटवलेला असेल तर कडेनं शिवण मारून घ्यावी, चाळीस-पन्नास रुपयांत वर्षभराचं आयुष्य वाढतं, आणि ती फाटायच्या आधी मारावी. भिजला तर चुलीपुढं, उन्हात ठेवू नये. आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत. 'आणि बापाला सांगा,' काका पोराला म्हणाले, 'तेल लावायला लाज वाटू देऊ नको म्हणावं. चांभाराचं काम नाय ते, पायाचं काम हाय.'

पैसे देताना मी घासाघीस केली नाही. पहिल्यांदाच. त्यांनी आकडा सांगितला तो दुकानातल्या हापिसच्या बुटापेक्षा पुष्कळ कमी होता आणि माझ्या खिशापेक्षा थोडा जास्त. उरलेले पुढच्या महिन्यात देणार आहे. पोरगं बूट घालून नाक्यावरून दोनदा गेलं-आलं. काका बघत होते, त्याच्या चालण्याकडं नाही, बूट कुठं वाकतो त्याकडं.

मग त्यांनी वही काढली. गिऱ्हाइकांची मापं लिहिलेली, तेलकट डागांची. पोराचं नाव लिहिलं, पायाची रेघ कात्रीनं कापून पानात चिकटवली, खाली तारीख घातली. म्हणाले, 'दिवाळीनंतर परत आणा याला. पाय अजून थांबलेला नाय.'

महाडवरचा लेख संपादकांनी पुढच्या अंकासाठी धरावा.